घरच्या संगणकातील माहितीची दुसरी प्रत

बँकेत काम करणाऱ्या माणसाला 'एकच प्रत' या शब्दांचे भय वाटते. ग्राहकाने रोख भरली, की पावतीचा एक भाग त्याच्या हाती जातो आणि दुसरा शाखेत राहतो. स्ट्राँगरूमच्या किल्ल्यांचा दुसरा संच असतो आणि तो त्याच शाखेत न ठेवता अन्यत्र ठेवला जातो. संगणकीकरणानंतरही ही रीत बदलली नाही. बँकेची मुख्य माहिती एका केंद्रात असते आणि तिची प्रत दूरच्या, वेगळ्या भूकंपक्षेत्रातील दुसऱ्या केंद्रात सांभाळली जाते. इतरांच्या पैशांबाबत आपण इतके दक्ष असतो. स्वतःच्या घरी मात्र मुलांची छायाचित्रे, घराच्या खरेदीखताची स्कॅन केलेली प्रत, विम्याचे कागद, प्राप्तिकराची विवरणपत्रे हा सारा ऐवज संगणकातील एकाच हार्ड डिस्कवर निर्धास्तपणे ठेवून देतो.

मीही तेच केले होते. २०१७ साली माझी बदली इंदूरहून विशाखापट्टणमला झाली. घरसामानाबरोबर संगणकही ट्रकमधून गेला. नव्या घरी तो सुरू केला, तेव्हा आतून टक-टक असा आवाज येऊ लागला आणि पडद्यावर काहीच उमटले नाही. दुरुस्तीच्या दुकानातील गृहस्थांनी डिस्क कानाशी धरली आणि मान हलविली. माझ्या मुलीच्या जन्मापासूनच्या तीन वर्षांची छायाचित्रे तिच्यात होती. त्यांतील जी नातेवाइकांना पाठविली होती, तेवढीच उरली.

त्यानंतर मी घरच्या संगणकात दोन नव्या डिस्क बसवून त्यांवर माहिती एकाच वेळी, तंतोतंत सारखी लिहिली जाईल अशी व्यवस्था केली. हिला 'मिररिंग' म्हणतात. हे काम सर्वसाधारण वाचकाला स्वतः करता येण्याजोगे आहे. ते कसे करावे, त्यापासून कोणते संरक्षण मिळते आणि कोणते मिळत नाही, हे प्रस्तुत लेखात पाहू. यांतील शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. तो मी दुसऱ्यांदा ठेच लागल्यावर शिकले.

डिस्क का बिघडते?

नेहमीच्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात. माहिती वाचणारे व लिहिणारे शीर्ष तबकडीला न टेकता तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. केसाच्या जाडीपेक्षा हे अंतर हजारो पटींनी कमी आहे. धक्का, उष्णता, विजेचा चढउतार किंवा निव्वळ वय यांपैकी कोणतेही कारण या नाजूक रचनेला पुरेसे होते. एसएसडी या नव्या प्रकारात फिरणारे भाग नसतात, त्यामुळे ती धक्क्याला अधिक टिकते. पण तीही अमर नाही. ती पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना न देता एकदम बंद पडते. म्हणून आज ना उद्या डिस्क जाणार, हे गृहीत धरूनच घरातील व्यवस्था आखावी.

मिररिंग म्हणजे काय?

कार्बन पेपर आठवा. वरच्या कागदावर आपण जे लिहितो, ते त्याच क्षणी खालच्या कागदावरही उमटते. वेगळे श्रम पडत नाहीत आणि विसरण्याचा प्रश्नही येत नाही. मिररिंगमध्ये नेमके हेच घडते. संगणकाला एकच ड्राइव्ह दिसतो, पण त्यावर साठविलेली प्रत्येक गोष्ट दोन्ही डिस्कांवर लिहिली जाते. एक डिस्क बंद पडली तरी संगणक दुसरीवरून काम चालू ठेवतो. आपण नवी डिस्क बसविली, की शिल्लक राहिलेली डिस्क आपली प्रत तिच्यावर उतरवून जोडी पुन्हा पूर्ण करते.

ही कल्पना नवी नाही. टँडम या अमेरिकी कंपनीने १९७६ मध्ये कधीही न थांबणारे संगणक बाजारात आणले, तेव्हा त्यांत प्रतिबिंबित डिस्कांची सोय होती आणि त्यांच्या पहिल्या ग्राहकांत बँका होत्या. पुढे १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून भरवशाची साठवण कशी करता येईल, यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी या पद्धतींना 'रेड' हे नाव दिले. त्यांतील पहिली पातळी, म्हणजे 'रेड-१', तीच आपली मिररिंगची पद्धत. एके काळी मोठ्या संस्थांनाच परवडणारी ही सोय आज घरच्या संगणकावर दोन डिस्कांच्या किमतीत मिळते.

हिशेब मात्र नीट समजून घ्यावा. प्रत्येकी ४ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या, तर साठवणीची जागा ८ नव्हे, ४ टीबीच मिळते. उरलेली रक्कम हा विम्याचा हप्ता समजावा.

खरेदीपूर्वीची पाहणी

प्रथम संगणकाचे कॅबिनेट उघडून पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) जागा : साडेतीन इंची दोन डिस्क बसतील असे रिकामे कप्पे आहेत का? दोन डिस्क एकमेकींना चिकटून न बसता मध्ये हवा खेळेल, असे कप्पे निवडावेत.

२) जोडबिंदू : मदरबोर्डवर साटाचे दोन मोकळे जोडबिंदू हवेत. काही मदरबोर्डांवर एम-डॉट-टू प्रकारची एसएसडी बसविली, की साटाचे एक-दोन जोडबिंदू आपोआप बंद होतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत त्याची नोंद असते. ती आधी वाचल्यास नवी डिस्क का दिसत नाही, याचा शोध नंतर घ्यावा लागत नाही.

३) वीज : एसएमपीएसमधून साटाच्या वीजपुरवठ्याची दोन मोकळी टोके निघायला हवीत. साडेतीन इंची डिस्क चालू असताना पाच ते आठ वॅटच्या आसपास वीज घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी तिला सुमारे २५ वॅट लागू शकतात. जुन्या, हलक्या प्रतीच्या एसएमपीएसवर हा भार टाकू नये. टोके कमी पडली म्हणून अगदी स्वस्तातली जोडवायर घेणेही टाळावे. साच्यात ओतून बनविलेल्या अशा काही वायरी आत शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणे आहेत.

४) यूपीएस : घरच्या संगणकाला यूपीएस नसेल, तर डिस्कांच्या आधी त्याचा विचार करावा. लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेली, तर दोन प्रतींत तफावत पडू शकते.

डिस्क निवडताना दोन्ही समान क्षमतेच्या घ्याव्यात. एक लहान असेल, तर मोठीतील वरची जागा मिररिंगला उपयोगी पडत नाही. शक्य असल्यास त्या दोन वेगळ्या दुकानांतून किंवा दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्याव्यात. एकाच दिवशी, एकाच खोक्यातून निघालेल्या जुळ्या डिस्कांत निर्मितीचा दोष असेल, तर तो दोघींतही असण्याचा संभव राहतो. तिसरी गोष्ट म्हणजे माहिती लिहिण्याची पद्धत. 'एसएमआर' पद्धतीच्या डिस्कांत माहितीचे पट्टे छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर चढलेले असतात. सलग मोठे लेखन करावे लागले, की त्या फार मंदावतात. तुटलेली जोडी पुन्हा पूर्ण करताना नेमके हेच काम असते. म्हणून माहितीपत्रकावर 'सीएमआर' असा उल्लेख असलेली डिस्क मागावी.

प्रत्यक्ष जोडणी

काम सुरू करण्यापूर्वी संगणकात आज असलेली महत्त्वाची माहिती एखाद्या बाह्य डिस्कवर उतरवून घ्यावी. कॅबिनेटमध्ये हात घालण्याआधी हे करणे अत्यावश्यक आहे.

त्यानंतर संगणक बंद करून प्लग काढावा. प्लग काढल्यावर सुरू करण्याचे बटन एकदा दाबावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगातील स्थितिज विद्युत उतरते. कोरड्या हिवाळ्यात व कृत्रिम धाग्याच्या कपड्यांत ही काळजी विशेष घ्यावी.

आता एक छोटेसे पण पुढे फार उपयोगी पडणारे काम करावे. प्रत्येक डिस्कच्या लेबलवर तिचा अनुक्रमांक छापलेला असतो. त्याचे शेवटचे चार अंक चिठ्ठीवर ठळक लिहून, डिस्क बसविल्यावर बाहेरून दिसेल अशा कडेला ती चिठ्ठी चिकटवावी. उद्या एक डिस्क बंद पडली, तर दोन सारख्या दिसणाऱ्या डिस्कांतून कोणती काढायची, हे ठरविताना हीच चिठ्ठी कामी येते. बिघडलेलीऐवजी चांगली डिस्क काढून टाकल्याने सर्वस्व गमावलेले लोक कमी नाहीत.

डिस्क कप्प्यात सरकवून दोन्ही बाजूंचे स्क्रू हलक्या हाताने आवळावेत. साटाची माहितीची वायर व विजेचे टोक यांना इंग्रजी एल अक्षरासारखा आकार असतो, त्यामुळे ती एकाच दिशेने बसतात. जोर लावू नये. कॅबिनेट बंद करण्यापूर्वी संगणक एकदा सुरू करून दोन्ही डिस्क दिसतात का, ते पाहावे.

विंडोजमधील मांडणी

मिररिंग करण्याचे मार्ग अनेक आहेत. मदरबोर्डमध्येच तशी सोय असते, पण घरच्या वापरासाठी मी ती सुचवीत नाही. ती वापरण्यासाठी साटाची कार्यपद्धती बदलावी लागते आणि आधीपासून असलेले विंडोज त्यानंतर सुरूच न होण्याचा धोका असतो. शिवाय मदरबोर्ड जळाला, तर तशाच प्रकारचा दुसरा शोधत फिरावे लागते. विंडोजमध्ये २०१२ सालच्या आठव्या आवृत्तीपासून 'स्टोरेज स्पेसेस' ही सोय आहे आणि ती विंडोजच्या घरगुती आवृत्तीतही मिळते. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी 'एमडीएडीएम' हे जुने, विश्वासू साधन आहे. येथे विंडोजची रीत देत आहे.

१) शोधपट्टीत 'स्टोरेज स्पेसेस' असे इंग्रजीत लिहिल्यावर 'मॅनेज स्टोरेज स्पेसेस' हा पर्याय येतो. तो उघडावा.

२) 'क्रिएट अ न्यू पूल अँड स्टोरेज स्पेस' निवडावे. समोर डिस्कांची यादी येईल. येथे थांबून यादी दोनदा वाचावी. येथे निवडलेल्या डिस्कांवरील सर्व माहिती पुसली जाते. ज्या दोन नव्या डिस्क आपण बसविल्या, केवळ त्यांवरच खूण करावी. जुनी बाह्य डिस्क जोडलेली असेल, तर हे काम करताना ती काढून ठेवणेच बरे.

३) पुढील पानावर नाव, ड्राइव्हचे अक्षर व संरक्षणाचा प्रकार विचारला जातो. प्रकारात 'टू-वे मिरर' निवडावे. 'सिंपल' निवडल्यास काहीच संरक्षण मिळत नाही. उलट दोहोंपैकी एक डिस्क गेली तरी नुकसान होते.

४) आकाराच्या रकान्यात प्रत्यक्ष जागेपेक्षा मोठा आकडाही भरता येतो. हा मोह टाळावा. शिल्लक नसताना काढलेल्या धनादेशासारखी त्याची गत होते. संगणक जागा आहे असे दाखवितो आणि डिस्क मात्र आधीच भरलेल्या असतात.

येथे एक शंका हमखास येते. ४ टीबीची डिस्क विकत घेतली आणि विंडोज ३.६३ टीबीच दाखविते, हे कसे? यात फसवणूक नाही. उत्पादक एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्ये, असे मोजतात. विंडोज २ या संख्येचा ४० वा घात एकक म्हणून धरते आणि ते एकक जवळजवळ दहा टक्क्यांनी मोठे आहे. रक्कम तीच राहते, मोजण्याचे नाणे तेवढे बदलते.

जुनी माहिती नव्या जागी

नवा ड्राइव्ह तयार झाला, की विंडोज आहे त्या जुन्या डिस्कवरच राहू द्यावे आणि आपली माहिती तेवढी हलवावी. विंडोज पुन्हा बसविता येते, छायाचित्रे पुन्हा काढता येत नाहीत. 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स' इत्यादी फोल्डरांवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज'मधील 'लोकेशन' या भागात नव्या ड्राइव्हची जागा दिली, की यापुढे साठविलेले सारे आपोआप तेथेच जाते.

हलविताना 'कट' करून 'पेस्ट' करण्याऐवजी आधी प्रत करावी. दोन्हीकडील फाइलींची संख्या व एकूण आकार पडताळावा, मधूनमधून काही फाइली उघडून पाहाव्यात. जुन्या जागेची माहिती किमान एक महिना पुसू नये. ताळा जुळल्याशिवाय वही बंद करायची नाही, हा आपला नियम येथेही लागू आहे.

रंगीत तालीम

मिररिंग केले आणि निश्चिंत झालो, असे होऊ देऊ नये. अग्निशमनाची तालीम शाखेत होते, तशी येथेही करावी. संगणक बंद करून, प्लग काढून, एका डिस्कची वायर सोडावी आणि संगणक सुरू करावा. माहिती दिसली पाहिजे. स्टोरेज स्पेसेसच्या पानावर संरक्षण कमी झाल्याचा इशाराही दिसला पाहिजे. तो इशारा नेमका कसा दिसतो, हे डोळ्यांना एकदा माहीत होणे हाच या तालमीचा मोठा लाभ आहे. या स्थितीत नवे काही साठवू नये. पुन्हा संगणक बंद करून वायर जोडावी व दुरुस्ती पूर्ण होऊ द्यावी.

इशाऱ्याकडे लक्ष देण्याचे कारण असे, की मिररिंगमधील एक डिस्क बंद पडली तरी संगणक नेहमीसारखाच चालतो. हाच त्याचा गुण आणि हाच धोका. पाहणी न करणारा माणूस कित्येक महिने एकाच डिस्कवर काम करीत राहतो आणि दुसरी गेल्यावर पहिली कधी गेली याचा विचार करीत बसतो. यासाठी महिन्यातून एक दिवस ठरवून स्टोरेज स्पेसेसचे पान उघडावे. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा विनामूल्य प्रोग्राम डिस्कच्या प्रकृतीचा अहवाल देतो. त्यात बदलून दिलेले व प्रतीक्षेतील खराब भाग यांचे आकडे वाढू लागले, की नवी डिस्क आणण्याची वेळ झाली असे समजावे.

प्रत्यक्ष बदल करताना नवी डिस्क बसवून ती 'अ‍ॅड ड्राइव्ह्ज'ने पूलमध्ये घ्यावी आणि दुरुस्ती पूर्ण झाल्यावरच जुनीला यादीतून काढावे. पूर्ण भरलेली ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी या वेगाने उतरविण्यास सुमारे साडेसात तास लागतात. तेवढा वेळ यूपीएसवर, घाई न करता द्यावा.

बिघडलेली डिस्क हमीखाली परत देताना एक गोष्ट विसरू नये. मिररिंगमधील प्रत्येक डिस्कवर आपली सारी माहिती असते. खातेक्रमांक, पॅन, आधारची प्रत यांनी भरलेली डिस्क अनोळखी हातांत देणे म्हणजे कपाटाची किल्ली देणे होय. शक्य असल्यास माहिती कूटबद्ध करून साठवावी. तशी नसेल आणि डिस्क पुसताही येत नसेल, तर हमीचा लाभ सोडून ती नष्ट करणे शहाणपणाचे. पासवर्ड व पिन तर कोणत्याही डिस्कवर उघडे लिहून ठेवू नयेत.

आरसा काय वाचवीत नाही

माझ्या आजीचे माहेर खानदेशातले. जात्यावरच्या कितीतरी ओव्या तिला मुखोद्गत होत्या. माझ्या बाबांनी तिच्या आवाजात त्या कॅसेटवर मुद्रित केल्या होत्या. आजी गेली, कॅसेटींना बुरशी येऊ लागली, तेव्हा २०१९ मध्ये मी त्यांतील ४१ ओव्या संगणकात उतरविल्या. पुढे सुट्टीत इंदूरला गेल्यावर आत्याकडून आणखी सहा मिळविल्या. सारे काही दोन डिस्कांच्या जोडीवर होते. मला काळजी नव्हती.

२०२१ च्या दिवाळीत घराबरोबर संगणकाचीही साफसफाई काढली. 'जुने' या नावाचे एक फोल्डर दिसले. ते २०१७ सालचे निरुपयोगी सामान आहे असे समजून मी शिफ्ट व डिलीट या कळा एकत्र दाबल्या, म्हणजे रिसायकल बिनची पायरीही वगळली. भाऊबीजेला बाबांनी फोनवर आजीची ओवी ऐकव म्हणून सांगितले, तेव्हा काय पुसले ते कळले. मी घाईने दुसऱ्या डिस्कचा विचार केला आणि त्याच क्षणी उत्तरही कळले. दोन्ही डिस्कांनी माझी आज्ञा तितक्याच प्रामाणिकपणे पाळली होती. कार्बन पेपरला वरच्या कागदावरील चूक कळत नाही. तो तीही तितक्याच स्वच्छपणे उतरवितो.

४१ ओव्या वाचल्या, त्या मिररिंगमुळे नव्हे. त्या आदल्या वर्षी एका छोट्या बाह्य डिस्कवर घालून मी इंदूरला धाकट्या भावाकडे ठेवल्या होत्या. आत्याच्या सहा ओव्या त्यानंतरच्या होत्या. त्या गेल्या. त्या पुन्हा म्हणायला आत्याही आता नाही.

मिररिंग हा बॅकअप नव्हे, हे वाक्य मी पूर्वी वाचले होते. त्याचा अर्थ मला त्या भाऊबीजेला कळला. मिररिंग एका डिस्कच्या यांत्रिक मृत्यूपासून संरक्षण देते. ते संरक्षण मोलाचे आहे, पण तेवढेच आहे. चुकून पुसलेली फाइल, चुकीचा मजकूर साठवून बिघडविलेले दस्तऐवज, विजेच्या लोटाने एकाच वेळी जळालेले दोन्ही भाग, संगणकाची चोरी, आग आणि पूर यांपैकी कशावरही त्याचा इलाज नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्यांवर पाणी शिरले, तेव्हा शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन प्रती असोत की दहा, सगळ्यांची गत एकच होती.

खंडणीखोर व्हायरसांचेही तसेच. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसाने दीडशेहून अधिक देशांतील संगणकांतील माहितीला कुलूप घातले व ते काढण्यासाठी पैसे मागितले. जुलै २०२४ मध्ये आपल्या देशात एका तंत्रसेवा पुरवठादारावर अशाच प्रकारचा हल्ला झाला आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या देयकसेवा काही काळ थांबल्या. असा व्हायरस घरच्या संगणकात शिरला, तर तो जोडीतील दोन्ही प्रतींना एकाच क्षणी कुलूप लावतो.

दुसऱ्या शाखेतील किल्ली

स्ट्राँगरूमच्या किल्ल्यांचा दुसरा संच आपण त्याच शाखेत ठेवीत नाही, कारण शाखेवरच संकट आले तर दोन्ही संच जातील. घरच्या माहितीलाही हाच नियम लावावा. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला '३-२-१' हा नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी.

माझ्या घरी आता पुढीलप्रमाणे व्यवस्था आहे. पहिली प्रत मिररिंगच्या जोडीवर, रोजच्या वापरासाठी. दुसरी एका बाह्य डिस्कवर. दर रविवारी ती जोडायची, विंडोजमधील 'फाइल हिस्टरी'ने बदल उतरवून घ्यायचे आणि काम होताच ती काढून कपाटात ठेवायची. ही सोय फाइलच्या आधीच्या आवृत्त्याही राखून ठेवते, त्यामुळे चूक उशिरा लक्षात आली तरी मागे जाता येते. डिस्क काढून ठेवणे महत्त्वाचे, कारण जोडलेल्या डिस्कला व्हायरस पोहोचतो, कपाटातल्या डिस्कला नाही. तिसरी प्रत इंदूरला भावाकडे. दर दिवाळीला व उन्हाळ्याच्या सुट्टीत एक डिस्क नेते आणि तिथली जुनी घेऊन येते. वारंवार बदली होणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी गावाकडचे घर ही नैसर्गिक दुसरी शाखा आहे. ज्यांना हे सोयीचे नाही, त्यांनी भरवशाच्या क्लाउड सेवेचा विचार करावा.

बदलीच्या वेळी दोन्ही डिस्क संगणकातून काढून, मूळ वेष्टनात किंवा जाड कापडात गुंडाळून हातसामानातून न्याव्यात, ट्रकमधून पाठवू नयेत. नव्या घरी दोन्ही एकत्रच जोडाव्यात.

थोडक्यात लक्षात ठेवण्याजोगे

- समान क्षमतेच्या, शक्यतो निरनिराळ्या ठिकाणांहून घेतलेल्या दोन सीएमआर डिस्क निवडाव्यात.
- कॅबिनेट उघडण्यापूर्वी असलेल्या माहितीची प्रत काढावी.
- अनुक्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवाव्यात.
- पूल तयार करताना निवडलेल्या डिस्क पुसल्या जातात, म्हणून यादी दोनदा वाचावी.
- 'टू-वे मिरर' हाच प्रकार निवडावा.
- एक डिस्क सोडवून तालीम करावी आणि महिन्यातून एकदा प्रकृती तपासावी.
- आठवड्याला एक प्रत बाह्य डिस्कवर काढून ती डिस्क वेगळी ठेवावी, आणखी एक प्रत घराबाहेर ठेवावी.
- वर्षातून एकदा बाहेरच्या प्रतीतील काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात.

यांतील पहिल्या पाच गोष्टींना एक रविवार पुरतो. शेवटच्या तीन गोष्टींना शिस्त लागते आणि ती आपल्याला शाखेत रोज लागलेलीच आहे. माझी विनंती इतकीच, की येत्या सुट्टीत डिस्क आणायला बाजारात जाल, तेव्हा दोनच्या ऐवजी तीन आणाव्यात. दोन संगणकात बसवाव्यात. तिसरीवर घरातील सर्वांत मोलाचे जे असेल ते आजच उतरवावे आणि ती आपल्या माणसाकडे दुसऱ्या गावी ठेवून यावी.